सासूबाईंच्या कोपराचं माप

अंधेरीच्या त्या किचनच्या शोरूममध्ये त्यांनी आधी थंडगार पाणी दिलं आणि मग भाव सांगितला. हा क्रम त्यांना अनुभवानेच सुचला असणार. आकडा ऐकून मी शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे बघितलं, तर त्या पदराचं टोक ओठांवर धरून समोरच्या मुलीकडे डोळे विस्फारून बघत होत्या. माझ्या नणंदेचं लग्न जेवढ्यात झालं, हॉल, जेवणं, मानपान सगळं धरून, तेवढ्यात ही मुलगी आम्हाला एक ओटा, सहा ट्रॉल्या आणि भिंतीवरची चार कपाटं देत होती. चिमणी वेगळी.

"ह्या सगळ्यात जेवान आपणच करूचा मा?" सासूबाईंनी माझ्या कानात विचारलं. त्यांचं कानातलं बोलणं दोन टेबलांपलीकडे ऐकू जातं. मुलगी हसली आणि तिने एक खण उघडून हलकेच ढकलला. तो आपला आपण आत गेला, अजिबात आवाज न करता. सासूबाई दचकल्या.

"आदळल्याबिगर बंद झालो," त्या म्हणाल्या. "मगे राग इलो तर बाईमाणसान काय करूचा?"

मी हसले, पण आतून मी हादरले होते. कारण किचन करायचं हे आता ठरलेलं होतं. नवऱ्याला रिटायर होताना मिळालेल्यातला एक वाटा त्यासाठी बाजूला काढला होता, आणि तो वाटा या शोरूमच्या पायरीलाही पुरला नसता.

आमचं घर चारकोपला, सेक्टरमधलं. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली सोडून ते इकडे आले, तेव्हा इथे रिक्षासुद्धा यायला कुरकुर करायची म्हणे. स्वयंपाकघर त्या वेळी गवंड्याने बांधलं ते तसंच होतं: काळा कडाप्पा, खाली विटांचे खण, खणांना पडदे. आणि ओटा बुटका. किती बुटका? मी साडेपाच फुटांवर एक बोट. तो ओटा माझ्या मांडीला लागायचा. सासूबाई जेमतेम पावणेपाच फूट. त्यामुळे लग्न होऊन आले त्याच दिवशी मी समजून गेले की ओटा त्यांच्या मापाने बांधलाय आणि माझ्या कमरेचं काही खरं नाही.

सत्तावीस वर्षं मी त्या ओट्यापुढे वाकून उभी राहिले. सकाळी नवऱ्याचा, मुलीचा आणि माझा डबा, मग ऑफिस, संध्याकाळी चपात्या. गेल्या वर्षी पाठीने असहकार पुकारला. डॉक्टरने एक्स-रे बघून गोळ्या दिल्या आणि विचारलं, घरचा ओटा किती उंच आहे? मी सांगितल्यावर तो म्हणाला, आधी तो तोडा, मग माझ्याकडे या. म्हणजे मला नव्या किचनकडून बाकी काहीही नको होतं. ट्रॉल्या आदळल्या तरी चालतील, रंग कुठलाही चालेल. ओटा माझ्या उंचीचा हवा होता, बस.

पण हे घरात मी कुणाला बोलले नव्हते. डॉक्टरकडे गेलेलंसुद्धा नाही. ओटा सासूबाईंचा, तेव्हा ओट्याला नावं ठेवणं म्हणजे त्यांना नावं ठेवणं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "किचन जुनं झालंय" एवढंच मी म्हणत राहिले.

अंधेरीनंतर बोरिवलीत दोन दुकानं बघितली. एकात दारूच्या बाटल्यांसाठी तिरक्या खणांचं कपाट दाखवलं आणि सासूबाईंनी त्यात लाटणी ठेवता येतील का असं विचारलं. दुसऱ्यात भाव चांगला होता, इतका चांगला की मला संशय आला. सिंकखालच्या कपाटाच्या फळीला मी नख लावलं तर भुसा निघाला. आमच्या खालच्या मजल्यावर असंच स्वस्तातलं किचन केलंय, पहिल्याच पावसाळ्यात त्याची दारं पुरीसारखी फुगली. दुकानदाराला मी फळी कशाची म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, पाणी लागू द्यायचं नाही." सिंकखाली पाणी लागू द्यायचं नाही! मी तिथेच त्याला चार शब्द ऐकवले.

शेवटी काखेत कळसा आणि गावाला वळसा असं झालं. घरापासून चालत दहा मिनिटांवर, चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, एकाचं वर्कशॉप सापडलं. शोरूम नाही, एसी नाही, सगळीकडे लाकडाचा भुगा. दाराशी पाण्याने भरलेली बादली आणि तिच्यात बुडवलेला प्लायचा तुकडा. "गणपतीपासून भिजतोय," वर्कशॉपवाला म्हणाला, "काढून बघा." मी काढला, वाकवला, दाताने चावायचा तेवढा बाकी ठेवला. तुकडा जसाच्या तसा होता. तोवर शिमगा होऊन गेला होता.

माणूस पन्नाशीचा, कानाला पेन्सिल लावलेला. बाकीच्यांनी आम्हाला रंग विचारले होते, याने विचारलं, मासे कुठे साफ करता? नारळ बसून खवता की उभ्याने? तांदूळ महिन्याचा भरता की वर्षाचा? सासूबाई एकदम खुलल्या. सांगत सुटल्या की वर्षाचा उकडा तांदूळ गावाहून येतो, आडाळी, म्हणजे विळी, ठेवायला उभी जागा हवी, माशांचं पाणी जायला सिंक खोल हवं. तो कागदावर लिहीत गेला. भाव त्याने अंधेरीच्या निम्म्याहून कमी सांगितला, त्यात बिजागऱ्या चांगल्या कंपनीच्या आणि ग्रॅनाइट जाड. मला तर मिठी मारावीशी वाटली.

मग तो टेप घेऊन उठला. "आता ओट्याची उंची. किचनमध्ये जास्त वेळ कोण उभं राहतं? त्यांच्या कोपराचं माप घेतो. कोपराच्या खाली पाच इंच ओटा आला पाहिजे, नाहीतर पाठीची वाट लागते."

इतकी वर्षं ज्याची वाट बघत होते तो क्षण हाच. आणि मी काय म्हणाले?

"आधी आईंचं घ्या."

हे मी का म्हणाले ते आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागणार नाही. आमच्याकडे कुठलीही गोष्ट आधी मोठ्यांना द्यायची असते आणि मोठ्यांनी ती नको म्हणायची असते. साडीच्या दुकानात मी म्हणणार, आधी आईंना दाखवा. त्या म्हणणार, माका कशाक, तुका घे. सुरमईची मधली तुकडी मी त्यांच्या ताटात वाढणार, त्या ती उचलून नवऱ्याच्या नाहीतर माझ्या ताटात टाकणार. सत्तावीस वर्षांत एकदाही यात फरक पडला नव्हता. तेव्हा मी आपली माझं वाक्य बोलून त्यांच्या वाक्याची वाट बघत उभी राहिले. कोपर तर मी आधीच वाकवून ठेवलं होतं.

सासूबाईंनी पायातल्या चपला काढल्या. हातातली पिशवी माझ्याकडे दिली. पदर खोचला.

"घे रे बाबा," त्या म्हणाल्या. "कशी उभी रवू?"

मी बघतच राहिले. मला वाटलं आता हसतील, आता म्हणतील, गंमत केली गे. पण त्या शाळेत हजेरीला उभ्या राहिल्यासारख्या ताठ उभ्या होत्या, हात कोपरात दुमडून, नजर समोर. वर्कशॉपवाल्याने टेप लावला, पाच इंच वजा केले आणि कागदावर मोठ्ठा आकडा लिहून त्याला गोल केला. एकोणतीस.

एकोणतीस! जुन्या ओट्यापेक्षा अवघे दोन इंच वर. मला छत्तीस हवा होता. आणि मी पिशवी धरून उभी.

"गुरुवारी कटिंगला घेतो," तो म्हणाला. सासूबाईंनी मान डोलावली. परत येताना त्या माझ्यापुढे चालत होत्या. गुडघ्यांची तक्रार त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे.

घरी आल्यावर नवऱ्याला बेडरूममध्ये गाठून सांगितलं. वाटलं, त्यालाही धक्का बसेल. त्याने पेपर खाली केला.

"मग काय झालं? दुपारचं सगळं आईच तर करते ना," तो म्हणाला. "तू असतेस कुठे घरात? बरोबरच माप घेतलं यार त्याने."

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. आईचा मुलगा तो, आईचीच बाजू घेणार, असं मी मनात धरलं आणि दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. तो खरं बोलला होता, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी ऑफिसला गेले की दुपारपर्यंत आमटी, भात, भाजी, मासे सगळं सासूबाईच करायच्या. जास्त वेळ कोण उभं राहतं, या प्रश्नाचं उत्तर मी मान म्हणून दिलं होतं, आणि ते चक्क खरं होतं. पण माझी पाठही खरीच होती ना? त्या आता ऐंशीच्या घरात. अजून दोन वर्षं करतील, तीन करतील. पुढची वीस वर्षं त्या ओट्यापुढे कोण वाकणार होतं?

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वर्कशॉपवाल्याला फोन केला. "आजींचं माप राहू दे," मी म्हणाले. "माझं घ्या. छत्तीस करा." तो म्हणाला, "बरं ताई, तुम्ही म्हणाल तसं." मी वर असंही सांगितलं की घरी फोन करून विचारायची गरज नाही. फोन ठेवल्यावर कुणी ऐकलं नाही ना म्हणून मी जिन्यात वर-खाली बघून घेतलं. चोरी केल्यावर असंच होत असावं. तरी मी डबा पूर्ण खाल्ला.

तीन आठवड्यांनी जुना ओटा फोडला. दोन दिवस हॉलमध्ये एका शेगडीवर स्वयंपाक, सगळ्या घरभर सिमेंटची धूळ. सासूबाई फिटिंगवाल्यांना चहा देत होत्या आणि विचारत होत्या, ओटो कधी बसतलो? तिसऱ्या दिवशी मी रजा काढली. दुपारी चारच्या सुमारास ग्रॅनाइट बसला, फिटिंगवाले हत्यारं गोळा करून गेले, आणि मी ओट्यापुढे उभी राहिले. कंबर सरळ, खांदे सैल, हात अलगद दगडावर. मला रडूच यायचं बाकी होतं. इतकं सुख इतकं साधं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"सर बघया," मागून सासूबाई म्हणाल्या.

त्या हात-पाय धुऊन, दुसरं लुगडं नेसून आल्या होत्या. हळदीकुंकू आणि एक नारळ घेऊन. मी बाजूला झाले. त्यांनी ओट्याला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला आणि मग कोपर टेकवायला गेल्या. कोपर टेकेना. खांदे कानापर्यंत उचलले तेव्हा कुठे ते दगडाच्या कडेला लागले. त्यांनी परत एकदा करून बघितलं. मग वळल्या.

"ह्या माप माझा न्हय."

मी सांगू शकले असते. घरात आम्ही दोघीच होतो. पण माझ्या तोंडून निघालं ते असं, "वर्कशॉपमध्ये चुकलं असेल हो आई. मशीनवर कापतात ना."

"चुकला?" त्यांचा आवाज चढला. "माझ्या सुनेन एवढी वणवण केल्यान ती ह्याच्यासाठी? फुकट देतासा काय तो? लाव त्याका फोन!"

मी म्हणाले उद्या बघू, आज तो कामात असेल. पण त्यांनी स्वतःचा फोन आणला. त्यात त्यांना फोटो दाबून फोन लावता येतो, आणि कानाने कमी ऐकू येतं म्हणून आवाज कायम मोठ्यावर असतो. वर्कशॉपवाल्याचा फोटो त्यांनी माझ्याच मुलीकडून कधीतरी घालून घेतला होता, हे मला त्या क्षणी कळलं.

"मेल्या, माझो ओटो बिघडवलंस!" त्यांनी सुरुवातच अशी केली. "आता माझ्या सुनेन काय करूचा? परत पैशे घालूचे?"

"आजी, चूक नाही झाली," तिकडून आवाज आला, अगदी स्वच्छ. "तुमच्या सूनबाईंनीच गुरुवारी फोन करून छत्तीस सांगितलं. मला वाटलं, घरात बोलून ठरवलं असेल."

सासूबाई फोनकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. तो माणूस आपला बोलतच होता, बिचारा, चुकीचं खापर आपल्यावर येऊ नये म्हणून. "आणि दोन उंचीचा सांगितला असता तरी केला असता हो. गॅसची बाजू तुमच्यासाठी खाली, सिंकची बाजू त्यांच्यासाठी वर. त्याच भावात. खूप लोक करून घेतात. आता दगड कापून बसवला. कुणी काही बोललंच नाही, तर मला कसं कळणार?"

त्याच भावात. मी हे दोन शब्द ऐकले आणि मला वाटलं, मी कुणाच्या तरी थोबाडीत मारावी, पण मारायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

सासूबाईंनी फोन बंद केला. मी म्हणाले, "आई, माझी पाठ दुखते. डॉक्टरने सांगितलं होतं."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

त्यांनी झटकन माझ्याकडे बघितलं. असा धक्का बसलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता, सासरे गेले तेव्हासुद्धा नाही. "सत्तावीस वर्सा?" त्या म्हणाल्या. "आणि तोंडान एकदा सांगूक नाय तुका?"

"ओटा तुमच्या मापाचा होता. काय सांगणार?"

"माझ्या मापाचो?" त्या ओरडल्याच. "इटो सरल्यो म्हणान गवंडी थय थांबलो. माझा माप कोणी घेतल्यान? माझीव कंबर मोडली त्या ओट्यापुढे. मी कोणाक सांगतलय?"

जो ओटा मी सत्तावीस वर्षं त्यांचा समजून मनातल्या मनात त्यांच्यावर चिडत राहिले, तो त्यांचाही नव्हता, विटा संपल्या तेवढाच झाला होता. आम्ही दोघी एकाच ठिकाणी वाकत होतो, सकाळी एक, दुपारी एक, आणि दोघी गप्प.

सासूबाईंनी ओट्यावरचा नारळ सरळ केला. आवाज खाली आला होता. "दर येळाक तू दितंस आणि मी नको म्हणतंय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी म्हटला, एकदा तरी घेवया. माका वाटला, तू मनापासून म्हटलंस."

मी त्यांचा हात धरला. माफ करा म्हणाले, दोनदा म्हणाले. नवीन दगड घालून घेऊ, गॅसची बाजू खाली करून घेऊ, जे काय लागेल ते करू, असं सगळं बोलले. "नको," त्या म्हणाल्या, "बेस आसा." आणि या वेळचं त्यांचं नको मनापासूनचं होतं की रिवाजाचं, ते मला ओळखता आलं नाही. इतकी वर्षं एका घरात काढून मला ते ओळखता येत नाही, याचा मला आजही धक्का बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या ओट्यापुढे उभी राहून चपात्या लाटत होते. पाठ अजिबात दुखत नव्हती. सासूबाई उठल्या, दात घासले, देवाला दिवा लावला आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. रोज या वेळी त्या आत येऊन आपल्या हाताने आपला चहा टाकतात, जाता-येता मला धक्का देत, साखरेचा डबा हलवला म्हणून ओरडत. त्या दिवशी त्या दारातच थांबल्या.

"वायच चाय गावात काय गे?" त्यांनी विचारलं. "तुका येळ असलो तर."

"मिळेल की," मी म्हणाले. त्या हॉलमध्ये जाऊन खुर्चीवर बसल्या, आणि कप हातात येईपर्यंत, दुसऱ्याच्या घरी बसतात तशा, मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या.